सैमूरचा ऊद आणि मराठीतला उदी

मराठीत रंगांची नावे पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी वस्तूंवरून पडली आहेत. जांभळावरून जांभळा, अबोलीवरून अबोली, राखेवरून राखाडी. या यादीत अरबी-फारसीतून आलेली नावेही थोडी नाहीत. गुलाबी, बदामी, आसमानी, फिरोजी, किरमिजी, खाकी हे शब्द आपण रोज वापरतो आणि वापरताना ते कुठून आले याचा विचार करत नाही. करण्याची गरजही नाही. शब्द घरात रुळला की त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही.

याच यादीतला एक शब्द हळूहळू मागे पडला आहे. तो शब्द म्हणजे 'उदी'. काळपटाकडे झुकणारा, थोडा जांभळट छटेचा तपकिरी रंग म्हणजे उदी. मराठी विश्वकोश उघडला तर पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, मातीच्या वर्णनात 'उदी' आणि 'उदसर' हे शब्द अजून भेटतात. पण बोलण्यात ते आता क्वचितच येतात. कापडाच्या दुकानात 'उदी रंगाचे दाखवा' असे म्हटले तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहील. तिथे 'ब्राऊन' चालते, फार तर 'तपकिरी' चालते.

तपकिरी म्हणजे तपकिरीचा रंग, नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीचा. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. म्हणजे या अर्थाचा 'तपकिरी' सोळाव्या शतकाच्या मागे जाऊ शकत नाही. 'उदी' ज्या वस्तूवरून पडला ती वस्तू मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या किनाऱ्यावर उतरत होती. आणि ती जिथे उतरत होती त्या गावाचे नाव तिला जगाने दिले होते. ते गाव आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल.

'ऊद' हा मूळ अरबी शब्द. त्याचा साधा अर्थ लाकूड, काठी. अरबांचे प्रसिद्ध तंतुवाद्य ऊद, त्याचेही नाव हेच. पण अत्तरवाल्यांच्या भाषेत ऊद म्हणजे एकच लाकूड, जाळल्यावर सुगंध देणारे. संस्कृतात त्याला अगुरु किंवा अगरु म्हणतात, मराठीत अगर. मराठी माणूस 'उदबत्ती' म्हणतो आणि 'अगरबत्ती'ही म्हणतो. या दोन शब्दांत एकाच लाकडाची दोन नावे आहेत, एक अरबांकडून आलेले, दुसरे संस्कृतातून आलेले. दोन्ही शब्द देवघरात चालतात, दोन्ही दर्ग्यात चालतात. त्या काडीचा धूर कोणत्या शब्दाने निघाला हे कोणी विचारत नाही.

हे झाड कोकणात होत नाही. ते आसामात, सिल्हेटच्या बाजूला आणि पुढे आग्नेय आशियात वाढते. त्याचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. झाडाला जखम झाली, तीत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी एक गडद राळ तयार करते. ती वर्षानुवर्षे लाकडात मुरते. मग ते लाकूड इतके जड होते की उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात बुडतो. या राळेने भरलेल्या लाकडाचा जो रंग, तोच उदी. रंगाचे हे नाव झाडाच्या भरलेल्या जखमेवरून पडले आहे.

जुन्या अरब जाणकारांनी उदाच्या जाती मोजल्या आहेत. हिंदी ऊद, कंबोडियाकडचा कमारी ऊद, चंपा देशाचा सन्फी ऊद. याच यादीत एक नाव येते 'सैमूरी ऊद'. सैमूर म्हणजे चौल. दहाव्या शतकातला प्रवासी अबू दुलफ मिसअर बिन मुहलहिल याच्या आधारे पुढे कझवीनीसारख्या लेखकांनी सैमूरचे वर्णन केले. त्यात इथल्या माणसांच्या देखणेपणाची तारीफ आहे, इथे मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी आणि अग्निपूजक राहतात असे लिहिले आहे, उंचावरच्या एका मंदिराचा उल्लेख आहे, आणि सैमूरी ऊद याच गावाच्या नावाने ओळखला जातो हेही नोंदले आहे. अबू दुलफचा भूगोल कधी कधी गोंधळतो, अंतरे चुकतात. पण बाजाराची नावे चुकत नाहीत. जे झाड कोकणात कधी वाढले नाही त्याच्या लाकडाला कोकणातल्या गावाचे नाव पडले ते केवळ या बंदरातल्या व्यापारामुळे. पूर्वेकडून आलेला माल इथे उतरला, तोलला गेला, इथून पश्चिमेकडे गेला. पश्चिमेच्या ग्राहकाने त्याला चौलचा म्हणून ओळखले.

चौलचे सैमूर कसे झाले? पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या पुस्तकात हे बंदर सेमुल्ला म्हणून येते. दुसऱ्या शतकात टॉलेमी सिमुल्ला लिहितो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमुल हे नाव आहे. अरबीत 'च' हा उच्चार नाही. त्यामुळे 'च'ने सुरू होणारे आपले शब्द अरबांच्या तोंडी 'स'ने सुरू होतात. चीनचे सीन झाले. चंपाचे सन्फ झाले. चंदनाचे संदल झाले. उरुसाच्या आदल्या रात्री आपण ज्या संदलच्या मिरवणुकीत चालतो, तो शब्द चंदनच आहे, फक्त अरबस्तानला जाऊन परत आलेला. त्याच वाटेने चेमुलचे सैमूर झाले.

या सैमूरला स्वतः येऊन गेलेला माणूस म्हणजे अल् मसऊदी. बगदादचा हा मोठा इतिहासकार हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास सैमूरला होता. आपल्या 'मुरूज अज्-जहब' या ग्रंथात त्याने लिहून ठेवले आहे की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले होते आणि 'बयासिरा' होते. बयासिरा म्हणजे कोण? हिंदुस्थानात जन्मलेले मुसलमान, असा खुलासा मसऊदीच करतो. म्हणजे आजपासून अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या मुसलमानांत एक पिढी अशी होती की जिचा जन्म इथला होता आणि तिच्यासाठी वेगळा शब्द रूढ झाला होता.

त्या वेळी इथे राज्य करणाऱ्याचे नाव मसऊदी 'जंज' असे देतो. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. त्याच्यावर सत्ता होती ती 'बल्हरा'ची, म्हणजे मान्यखेटच्या राष्ट्रकूट वल्लभराजाची. हिंदू राजाने मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. मसऊदीच्या वेळी हे पद अबू सईद मारूफ बिन झकरिया यांच्याकडे होते. बुजुर्ग बिन शहरयार या कप्तानाच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'अजाइब अल्-हिंद' या दर्यावर्दी कथांच्या पुस्तकात सैमूरच्या आणखी एका हुनरमनचे नाव येते, अब्बास बिन माहान. इश्तखरी आणि इब्न हौकल हे त्याच शतकातले भूगोलकार सांगतात की बल्हराच्या राज्यातल्या अशा नगरांत जामा मशिदी आहेत आणि मुसलमानांवर बल्हराच्या वतीने मुसलमानच कारभार पाहतो.

हे सगळे परदेशी प्रवाशांनी आपल्या वाचकांना खूश करण्यासाठी रंगवले, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर इथल्याच मातीत सापडले आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेला शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा संस्कृत ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. संजाण मंडळाचा कारभार राजाने 'ताजिक' वंशातल्या 'मधुमती'कडे सोपवला होता असे त्यात कोरले आहे. ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याच्या बापाचे नाव 'सहियारहार' म्हणजे शहरयार. या मुहम्मदाने नदीवर मोफत तरी सुरू केली, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले आणि एका देवीच्या मठाला राजाच्या संमतीने जमीन दिली. मसऊदी सैमूरला येऊन गेल्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी हा ताम्रपट लिहिला गेला.

आम्हाला या ताम्रपटात सर्वांत जास्त भावते ते त्यातले नाव. अरबाच्या तोंडी 'चेमुल' बसेना म्हणून त्याने 'सैमूर' केले. संस्कृत लेखकाच्या तोंडी 'मुहम्मद' बसेना म्हणून त्याने 'मधुमती' केले. दोघांनी एकमेकांची नावे आपापल्या जिभेला सोसतील अशी करून घेतली. यात कोणी कोणाचा अपमान केला नाही. शेजारी राहणारी माणसे असेच करतात. आपल्याकडे गावोगाव इब्राहिमचा 'इभ्राम' आणि फातिमाचा 'फातमा' झाला तो याच रीतीने.

पुढे याच बंदराला पंधराव्या शतकात त्व्हेर शहरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून एक घोडा घेऊन उतरला. त्याच्या लेखी चौलचे नाव 'चिविल' आहे. इथली उघड्या अंगाची माणसे आणि बायकांच्या वेण्या पाहून तो चकित झाला. पालीवरून जुन्नरला गेला. तिथे सुभेदाराने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला. शेवटी घोडा परत मिळाला. या प्रवासात त्याची एक तक्रार आहे, आपल्या देशाला नेण्याजोगा माल इथे नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त आहेत. खंबायतबद्दल लिहिताना तो 'नील' रंगाचे नाव जसेच्या तसे आपल्या भाषेत घेतो. त्याने इथे 'खोजा यूसुफ खोरासानी' हे नाव धारण केले आणि त्याच्या पुस्तकाचा शेवट रशियनमध्ये नाही, अरबी-तुर्की मिसळलेल्या प्रार्थनेत आहे. चौलने अशी माणसे पाहिली आहेत. आज रेवदंड्याला त्याचे स्मारक उभे आहे.

निकितीननंतर पोर्तुगीज आले. 1508 मध्ये चौलच्या खाडीत मिसरच्या आरमाराने गुजरातच्या मलिक अय्याझच्या मदतीने पोर्तुगीजांशी लढाई दिली आणि तीत व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खालच्या चौलला, म्हणजे रेवदंड्याला ठाणे बांधले. वरचे चौल निजामशाहीकडे राहिले. 1740 मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. तोवर बंदर गाळाने भरत चालले होते, मुंबई वाढली होती आणि चौलचे विणकर इंग्रजांनी मुंबईला नेले होते. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वराचे देऊळ आहे, जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष आहेत. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली ख्रिस्ती कुटुंबे अजून बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ होतो 'आमची भाषा'.

या सगळ्याचा 'उदी'शी संबंध काय, असे वाचक विचारतील. सैमूरच्या बाजारातून 'उदी' हा शब्द थेट मराठीत उतरला असे आमचे म्हणणे नाही. अरबी-फारसी शब्दांचा मोठा लोंढा मराठीत आला तो बहामनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात, दरबार आणि दफ्तराच्या वाटेने. म्हणजे या किनाऱ्यावर वस्तू आधी आली, तिचा शब्द आपल्या भाषेत नंतर रुजला. पण इतिहासाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऊद इथे आला तो तलवारीबरोबर आला नाही. तो तागडीबरोबर आला. त्याला विकत घेणारा बसऱ्याचा, विकणारा पूर्वेचा, तोलणारा इथला आणि जकात घेणारा शिलाहार राजा होता.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. कोकणातल्या मुसलमानाला दोन बाजूंनी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक बाजू म्हणते, तुम्ही बाहेरचे. दुसरी बाजू म्हणते, तुमची खरी भाषा मराठी नव्हे. पहिल्या बाजूला मसऊदीचे बयासिरा दाखवावेत. अकराशे वर्षांपूर्वी जे इथे जन्मले होते त्यांना बाहेरचे ठरवायचे असेल तर आत कोण उरतो? दुसऱ्या बाजूलाही मसऊदीच उत्तर देतो. सैमूर, सोपारा आणि ठाणे या किनाऱ्यावर बोलली जाणारी 'लारी' ही वेगळी भाषा त्याने नोंदली आहे. किनाऱ्याची भाषा किनाऱ्याने ठरवली, तिथे वसलेल्यांनी ती उचलली. चौल, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या घराघरांतून बोलली जाणारी आपली बोली त्याच वाटेवरची आहे.

भाषेच्या शुद्धतेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. शिवकाळात 'राजव्यवहारकोश' झाला, त्यात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि तारखेला दिनांक हा शब्द दिला. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे तर फारसीचे प्राध्यापक. त्यांनी 1925 मध्ये फारशी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, स्वतःच्या कवितेतले फारसी शब्दही काढून टाकले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदरच आहे. ज्याने फारसीचा कोश मराठीला दिला त्याचे ऋण आपण कसे विसरू? पण एवढी मोठी माणसे कामाला लागूनही 'उदबत्ती' गेली नाही. 'अगरबत्ती' शेजारी उभी असताना गेली नाही. कारण ती बाईच्या सकाळच्या पूजेत होती आणि जुमेरातच्या फातेहातही होती. कोश आणि चळवळी दफ्तरातले शब्द बदलू शकतात. चुलीजवळचे आणि चिराग लावण्याच्या जागेचे शब्द त्यांच्या हाती लागत नाहीत. शिर्डीला साईबाबांच्या धुनीची राख 'उदी' म्हणूनच कपाळाला लावली जाते, लावणारा कोणत्याही जातीधर्माचा असो.

'उदी' हा रंग मात्र मागे पडतो आहे आणि त्याला कोणत्याही शुद्धीवाल्याने घालवलेले नाही. आपणच घालवत आहोत. आपल्या घरांतली मुले आखातातून आलेली 'ऊद'ची बाटली आणि बखूरची डबी ओळखतात. दुबई-कुवेतची वस्तू म्हणून तिचे अप्रूप करतात. त्यातले अस्सल लाकूड बहुतेकदा आसामच्या होजाई परिसरासारख्या ठिकाणांहून आखातात गेलेले असते. त्या झाडाची इतकी तोड झाली की 1995 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले आहे. एकेकाळी जे लाकूड आमच्याच खाडीतून आमच्या गावाचे नाव घेऊन अरबस्तानला जात होते, ते आज अरबस्तानचे म्हणून विमानाने आमच्या गावात येते. मुलांना ऊद ठाऊक आहे, उदी ठाऊक नाही. त्यांना तो शब्द परका वाटतो, आणि उर्दूत ढगांना, फुलांना लावलेला 'ऊदा' वाचला तर तो मात्र उर्दूचाच वाटतो. दोन्ही ठिकाणी तोच शब्द आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

गावांची नावे बदलतात. चेमुलचे सैमूर झाले, चिविल झाले, चौल झाले. ज्या जिल्ह्यात ते आहे त्याचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते, नंतर रायगड झाले. नाव बदलले म्हणून गावाची माती बदलली नाही. पण शब्द एकदा बोलण्यातून गेला की त्याबरोबर त्याने आणलेली सगळी ओळख जाते, आणि ती पुन्हा आणायला मग ग्रंथालये धुंडाळावी लागतात.

म्हणून आमचे एक साधे मागणे आहे. कपाटातल्या जुन्या शालीचा, पावसाळी ढगाचा, भिजलेल्या सागाच्या खोडाचा रंग सांगायची वेळ आली, तर 'ब्राऊन' म्हणण्याआधी एकदा 'उदी' म्हणून पाहावे. मुलाने विचारले, हा कसला शब्द? तर त्याला चौलचे नाव सांगावे.